पदवीचा शेवटचा पेपर झाल्यावर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बहुतांश पत्रे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील असून ती अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी किंवा त्यांच्या पालकांनी लिहिली आहेत. आमच्या पिढीला पदवीच्या गुणपत्रिकेसाठी पुणे विद्यापीठाकडे डोळे लावून बसावे लागे. १९९० साली जळगावात विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवी घराजवळ आली. मात्र ज्या कामासाठी ती पदवी घ्यायची, ते काम आजही बहुसंख्य विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नसते, असे ही पत्रे वाचताना पुन्हा पुन्हा जाणवले. पत्रे आटोपशीर करून आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील वगळून येथे छापली आहेत.

प्रश्न : मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आतापर्यंत मला ७२ टक्क्यांच्या आसपास गुण मिळाले आहेत. गेल्या महिन्यात अंकलेश्वरच्या एका औषध कंपनीने आमच्या महाविद्यालयात मुलाखती घेतल्या. ‘ब्युरेटचे वाचन लिहिताना आकडा चुकला तर काय कराल?’ असे मला विचारले. ‘खोडून नीट लिहीन,’ असे मी सांगितले. त्यानंतर एकही प्रश्न विचारला गेला नाही. माझे काय चुकले, हे सरांनाही नीट सांगता आले नाही. (एक विद्यार्थिनी, शहादा तालुका)

उत्तर : तुमचे उत्तर चुकले हे खरे, परंतु ते तुम्हाला आम्हीच शिकवले आहे. मी ३१ वर्षे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांसमोर उभा राहिलो आणि त्या काळात तपासलेल्या शेकडो जर्नलांमध्ये (प्रयोगवह्यांमध्ये) ब्युरेटची, म्हणजे द्रव थेंबाथेंबाने सोडणाऱ्या मोजनळीची, तिन्ही वाचने १०.२, १०.२ आणि १०.२ अशीच नीटनेटकी लिहिलेली पाहिली. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग नेमका टिकतो तो थेंब पकडताना तिन्ही वेळा अगदी तोच आकडा येणे किती दुर्मीळ असते, हे मला ठाऊक होते आणि विद्यार्थ्यांनाही ठाऊक होते. एकाचे वाचन अख्ख्या टेबलावर फिरत असे, कच्च्या कागदावरून पक्क्या वहीत सुवाच्य उतरवले जाई आणि त्या सुवाच्यतेलाच आम्ही गुण देत असू.

औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात नेमकी हीच सवय अपराध ठरते. तेथे आकडा चुकला तर तो खोडायचा नसतो, त्यावर गिरवायचे नसते आणि पांढरी शाई तर प्रयोगशाळेत आणायचीच नसते. चुकलेला आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ त्यावर ओढायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची आणि चुकीचे कारण नोंदवायचे, असा तेथील शिरस्ता आहे. चिठोऱ्यावर टिपून नंतर वहीत उतरवणेही तेथे चालत नाही. काम करतानाच मूळ नोंद व्हावी लागते. याचे कारण साधे आहे. त्या आकड्याच्या भरवशावर औषधाचा एक संपूर्ण घाणा (बॅच) बाजारात जाणार असतो आणि उद्या त्यात काही दोष निघाला, तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला त्या दिवशी टेबलावर काय घडले होते, हे कागदावरून मागे मागे जात शोधता आले पाहिजे. मुलाखत घेणाऱ्याला तुमच्या रसायनशास्त्राच्या ज्ञानाविषयी शंका नसावी. तुम्ही चूक लपवता की दाखवता, एवढेच त्याला पाहायचे होते.

आता पुढच्या सहा महिन्यांत काय करायचे ते सांगतो. तुमच्या तालुक्यात साखर कारखाना आहे. गाळप हंगामात त्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) आणि पोल (साखरेचे प्रमाण) दिवसरात्र तपासला जातो. प्राचार्यांचे पत्र घेऊन तेथे आठ-दहा दिवस उभे राहण्याची परवानगी मागा. पगार मागू नका, केवळ पाहू द्या म्हणा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या रचनेत आता प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि क्षेत्रीय प्रकल्प आले आहेत. पुष्कळ ठिकाणी ते ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का आणून उरकले जाते. तुम्ही तसे करू नका. पाणी तपासणीची प्रयोगशाळा, माती परीक्षण केंद्र, दूध संघ, जेथे जागा मिळेल तेथे जा आणि तेथील नोंदवही कशी लिहितात ते बारकाईने पाहा.

दुसरे असे की, तुमच्याच महाविद्यालयातील चार-पाच माजी विद्यार्थी आज अंकलेश्वर, वापी किंवा सुरतेच्या बाजूला निश्चित असतील, कारण खानदेशातील विज्ञान पदवीधरांची ती जुनी वाट आहे. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. आपल्या मुलांच्या नोकऱ्यांचेही थोडेफार तसेच आहे. त्यांना पगार किती हे नंतर विचारा. आधी पाळी किती तासांची असते, मुलींना रात्रपाळी असते का, जाण्यायेण्यासाठी बस मिळते का, प्रयोगशाळा आणि उत्पादन विभाग यांपैकी कोठे घेतात, पहिल्या वर्षी नेमके काय करायला लावतात, हे विचारा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांनाही वर्षभराची शिकाऊ उमेदवारी करता येते आणि विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार सोसते, ही गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

पुढच्या मुलाखतीत हाच प्रश्न आला, तर काय सांगायचे हे तुम्हाला आता कळले आहे. तेवढ्यावर थांबू नका. जर्नलमधील एखादा प्रयोग पुन्हा करा, जे आकडे येतील तेच लिहा आणि ते एकमेकांशी का जुळले नाहीत, याचा विचार करा.

प्रश्न : शहरातील एक संस्था ४५ दिवसांत व्यक्तिमत्त्व विकास आणि इंग्रजी संभाषण शिकवण्याचे १८,००० रुपये मागते आणि नोकरीची हमी देते. प्रवेश घ्यावा का? (एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर : घेऊ नये. नोकरी देणारा वेगळाच असताना शिकवणाऱ्याने तिची हमी देणे, यातच खोट आहे. त्यातील चार-पाचशे रुपये एखाद्या इंग्रजी वृत्तपत्राच्या वर्गणीवर खर्च करा, रोज एक बातमी मोठ्याने वाचा आणि तीच बातमी न पाहता मित्राला इंग्रजीत सांगा. उरलेले पैसे मुलाखतींच्या प्रवासखर्चासाठी बाजूला ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. बी.ए. झाल्यावर गेली पाच वर्षे तो पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करत आहे. मी दरमहा दहा हजार रुपये पाठवतो. दोनदा तो पूर्वपरीक्षा पास झाला, पण पुढे सरकला नाही. माझी चार एकर केळी आहे. गावात लोक ‘पोऱ्या काय करस?’ असे विचारतात, तेव्हा मला काय सांगावे ते सुचत नाही. त्याला परत बोलावू का? (एक शेतकरी, चोपडा तालुका)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. पाच वर्षांत सहा लाख रुपये पाठवूनही आपण हिशेबाची भाषा केलेली नाही, ही आपली थोरवी आहे. मात्र काही हिशेब मुलाने स्वतः मांडणे आता आवश्यक झाले आहे.

आधी त्याच्या बाजूने बोलतो. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोनदा पार करणे सोपे नसते आणि मधल्या काळात परीक्षाच बदलली आहे. पूर्वी मुख्य परीक्षा पर्यायी उत्तरांची होती. २०२५ पासून ती वर्णनात्मक झाली असून लेखी परीक्षा १,७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची आहे. म्हणजे जो मुलगा चार वर्षे योग्य पर्यायाचा गोल काळा करण्याची तयारी करत होता, त्याला आता पानेच्या पाने उत्तरे लिहायची आहेत. म्हणून ‘अभ्यास कसा चालला आहे?’ असे त्याला विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘चांगला’ असेच येते. ‘या महिन्यात तू किती उत्तरे हाताने लिहिलीस आणि ती कोणी तपासली?’ एवढेच विचारा. त्याने तपासलेली वही दाखवली, तर अजून एक संधी देण्याजोगा तो मुलगा आहे. तो अभ्यासिकेतील वातावरणाविषयी, नव्या पुस्तकांविषयी किंवा आयोगाच्या दिरंगाईविषयी बोलू लागला, तर त्याचे बोलणे अडवू नका, पण काय समजायचे ते मनात समजून घ्या.

दुसरी गोष्ट वयोमर्यादेची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गात ३२ वर्षांची आणि सहा प्रयत्नांची मर्यादा आहे. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी ही मर्यादा ३८ वर्षे, तर मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. उमेदवारांच्या सोयीसाठी दिलेली ही मोकळीक अनेक घरांच्या मुळावर आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आयोगाचे दार ३८ पर्यंत उघडे आहे म्हणून मुलगा स्वतःचे दार कधी बंद करायचे ते ठरवतच नाही. ते वडिलांनीही ठरवू नये. त्याने स्वतः आपल्या हाताने एक तारीख कागदावर लिहावी, अमुक परीक्षेच्या निकालानंतर मी पूर्णवेळ तयारी थांबवीन असे त्याखाली लिहावे आणि तो कागद घरात राहावा. तोपर्यंत त्याने केवळ राज्यसेवेवर विसंबून न राहता गट ब आणि गट क च्या संयुक्त परीक्षा आणि बँकांच्या परीक्षाही मनापासून द्याव्यात. दिवसाचे चार तास तरी काही कमाईचे काम करावे. पुण्यात शिकवण्या आहेत, दुकानांचे हिशेब आहेत, काम मिळणे अशक्य नाही. अर्धा दिवस काम करणारा मुलगा उरलेल्या अर्ध्या दिवसात अधिक नेटाने वाचतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

आता केळीविषयी. ‘परत ये आणि शेती कर’ हे वाक्य या मुलांना शिक्षेसारखे ऐकू येते आणि त्यात त्यांची सर्वस्वी चूक नाही, कारण आपणही ते शिक्षेच्याच सुरात म्हणतो. तो आला, तर त्याला खुरपणीला किंवा पाणी द्यायला लावू नका. घड कापल्यानंतर पुढे जे घडते, ते त्याला पाहू द्या. निर्यातीची केळी धुऊन, फण्या निवडून, १३ किलोंच्या खोक्यात कशी भरतात, पिकवण केंद्रात तापमान कसे राखतात, भाव रावेरात कसा ठरतो आणि व्यापारी वजनात किती घट धरतो, हे आठवडाभर त्याने केवळ नोंदवत जावे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचा आपल्या बागेला काय उपयोग, हे किती शेतकऱ्यांना सांगता येईल? पाच वर्षे अर्थव्यवस्था आणि राज्यघटना वाचलेल्या मुलाला शासन निर्णय वाचता येतो, अर्ज लिहिता येतो आणि अधिकाऱ्यासमोर बसून बोलता येते. त्याने फुकट घालवली असे आपल्याला वाटते त्या वर्षांतून हे त्याच्या हाती आले आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान ठरवलेले आहे. मात्र अनुदान आहे म्हणून उद्योग काढू नये. आधी वेफर्स विकणाऱ्या दहा दुकानदारांशी बोलावे, मग बँकेत जावे.

हे बोलणे फोनवर करू नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तो घरी येईल, तेव्हा जेवणे झाल्यावर, त्याची आई जवळ असताना बोला. गावातल्या लोकांना ‘तारीख ठरली आहे, तोवर शिकतो आहे’ एवढे सांगितले तरी पुरे.

प्रश्न : मी बी.कॉम. झाले आहे. पुण्यातील एका कंपनीने लेखा विभागात वर्षाला तीन लाखांची नोकरी देऊ केली आहे. वडील म्हणतात, महिन्याला पंचवीस हजार मिळाले तर जा, नाहीतर अमळनेरातच काहीतरी बघ. आईला वाटते, आता स्थळे पाहावीत. मला जायचे आहे; पण पंचवीस हजार हातात येतील का? आणि कंपनी मूळ प्रमाणपत्रे जमा करायला सांगते, ते बरोबर आहे का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : पंचवीस हजार हातात येणार नाहीत आणि हे वडिलांना पहिल्या पगाराच्या दिवशी कळण्याऐवजी आजच कळलेले बरे.

तीन लाख हा कंपनीला तुमच्यासाठी येणारा एकूण खर्च आहे. त्यातले तुमच्या खात्यात किती पडते, ते समजण्यासाठी नियुक्तिपत्राला जोडलेला तपशिलाचा तक्ता मागून घ्या. उदाहरणादाखल धरू की महिन्याच्या २५,००० मध्ये मूळ वेतन १२,५०० आहे. भविष्यनिर्वाह निधीत कंपनीचा १२ टक्के हिस्सा, म्हणजे १,५०० रुपये, बहुधा याच २५,००० मधून दाखवलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणून मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ६०१ रुपये बाजूला पडतात. उरले २२,८९९. त्यातून तुमचा स्वतःचा निधीचा हिस्सा, पुन्हा १,५०० रुपये, कापला जाईल. व्यवसाय कर पुरुषांना या पगारावर महिन्याला २०० रुपये पडला असता. महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंतच्या मासिक वेतनावर तो माफ आहे. म्हणजे तुमच्या खात्यात सुमारे २१,४०० रुपये येतील. तीन लाखांतील काही रक्कम ‘कामगिरीनुसार’ अशी लिहिलेली असेल, तर त्याहूनही कमी. गटविम्याचा हप्ता कोण भरतो, तेही विचारून ठेवा.

हा हिशेब वडिलांसमोर मांडा आणि त्याखाली वसतिगृहाचे भाडे, खाणावळ, कार्यालयापर्यंतचा प्रवास आणि महिन्याला एकदा घरी येण्याचे तिकीट, असे चार आकडे प्रत्यक्ष चौकशी करून लिहा. निधीत जाणारे तीन हजार बुडालेले नसतात, ते तुमच्याच नावावर निधीत आणि निवृत्तिवेतन योजनेत जमा होतात आणि नोकरी बदलली तरी खात्याचा सार्वत्रिक क्रमांक (यूएएन) तोच राहतो, हेही त्यांना सांगा. नोकरी बदलताना ती रक्कम काढून खर्च करण्याचा मोह मात्र टाळा. प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांत बँक खात्यातून वर्षाला अनुक्रमे ४३६ रुपये आणि २० रुपये भरून दोन लाखांचा जीवनविमा आणि दोन लाखांचा अपघातविमा मिळतो. पहिल्या पगारातून तेवढे केले, तरी आईची निम्मी काळजी कमी होईल.

मूळ प्रमाणपत्रे कोणालाही देऊ नका. मूळ प्रती दाखवा, साक्षांकित प्रती द्या, त्यांच्या समोर ताडून पाहू द्या आणि मूळ प्रती पिशवीत घालून घरी आणा. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी पहिली नोकरी एका खासगी संस्थेत होती आणि तेथे ‘पद्धत आहे’ असे सांगून माझी दहावीपासूनची सगळी कागदपत्रे ठेवून घेतली गेली. दुसरीकडे निवड झाली, तेव्हा ती परत मिळवायला मला १४ महिने लागले आणि तोपर्यंत ती दुसरी जागा भरली गेली होती. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार असेल, तर तो काळ किती, सोडल्यास किती रक्कम भरायची आणि सूचनेचा कालावधी किती, हे वाचल्याशिवाय सही करू नका.

वडिलांच्या ‘अमळनेरातच बघ’ या म्हणण्याला मात्र हसू नका. १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाची जी कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. कंपनी जन्मली इथे आणि नोकऱ्या मात्र बंगळुरूत, हे दुःख या गावातील अनेक घरांना आहे. तरीही लेखा विभागातील पहिली दोन वर्षे जेथे जीएसटीची विवरणपत्रे, ताळेबंद आणि लेखापरीक्षण हे सगळे एका छताखाली शिकायला मिळते, तेथे घालवावीत, असे मी म्हणेन. गावात काम मिळणारच असेल, तर एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात मिळते का ते पाहा. कमी पगारावर का होईना, काम तेथेही शिकता येते. आईच्या म्हणण्यावर माझे उत्तर इतकेच, की स्थळे दोन वर्षांनीही येतील. ही नेमणूक मात्र तारखेपर्यंतच आहे.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील आहे. घरी आम्ही पावरी बोलतो. नंदुरबारला वसतिगृहात राहून समाजशास्त्रात बी.ए. केले. निकाल लागला की खोली सोडावी लागेल. मला आपल्या लोकांसाठी अर्थपूर्ण काम करायचे आहे. पण घरचे म्हणतात, आधी पगार आण. इंग्रजी कच्चे असल्यामुळे कोठे अर्ज करायची भीती वाटते. (एक विद्यार्थी)

उत्तर : पगार आणणे आणि आपल्या लोकांसाठी काम करणे या दोन गोष्टींत भांडण आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. तसे मानण्याचे कारण नाही. उलट पगाराशिवाय ‘सेवा’ म्हणून काम करायला लावणाऱ्यांपासून सावध राहा, कारण त्याचा भार शेवटी तुमच्या आईवर पडतो.

सर्वांत आधी, खोली सोडण्यापूर्वी, जात वैधता प्रमाणपत्राचे काय झाले ते पाहा. विद्यार्थी असताना महाविद्यालयामार्फत हा अर्ज सुरळीत जातो. नंतर नोकरीची निवड हातात असताना केवळ या एका कागदासाठी धावपळ करणारी मुले मी पाहिली आहेत. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुन्या महसुली नोंदी, जे मिळेल ते आताच गोळा करा.

आता तुमच्या भाषेविषयी. इंग्रजी कच्चे आहे, हे तुम्ही लिहिले. पावरी पक्की आहे, हे मात्र लिहिले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांचे कागद, नकाशे आणि ग्रामसभेचे ठराव मराठीत असतात आणि ज्यांच्या जमिनीचा तो प्रश्न असतो, ते पावरीत विचार करतात. मधल्या माणसाने एक शब्द चुकीचा सांगितला, तर दावा फेटाळला जातो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा तपासणी अहवाल हाती आलेल्या तरुण जोडप्याला ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतील फरक त्यांच्या बोलीत समजावून सांगणारा माणूस दवाखान्यात नसतो, तेव्हा काय होते, हे तुमच्या पाड्यावर तुम्ही माझ्यापेक्षा अधिक पाहिले असेल. हे काम करणाऱ्या संस्था आणि प्रकल्प सातपुड्यात आहेत. लेखी नेमणूक आणि ठरलेले मानधन देणारी संस्था पाहून तेथे एक-दोन वर्षे काम करा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. अशी संधी मिळाल्यास घ्यावी; मात्र तिच्यातून कायम नोकरीचा हक्क निर्माण होत नाही, हे लक्षात असू द्या.

त्यानंतर समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घ्या. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण विषयांवरचे केंद्र तुळजापुरात आहे. तेथे धडगावातून आलेल्या आणि दोन वर्षे दावे लिहिलेल्या विद्यार्थ्यापाशी बोलायला पुष्कळ असेल. इंग्रजीची भीती तोवर थोडी कमी झालेली असेल, कारण इंग्रजीतही तुम्हाला तुमच्याच कामाविषयी बोलायचे असेल.

प्रश्न : मी भुसावळ परिसरातील एका महाविद्यालयात मार्गदर्शन केंद्राचे काम पाहते. दरवर्षी मार्चमध्ये आम्ही एका यशस्वी माजी विद्यार्थ्याचे व्याख्यान ठेवतो. टाळ्या होतात, पण पुढे काही होत नाही. काय बदलावे? (एक प्राध्यापिका)

उत्तर : मॅडम, पहिला बदल महिन्याचा करा. मार्चमध्ये विद्यार्थ्यांच्या डोक्यात परीक्षा असते. व्याख्यान सप्टेंबरात ठेवा, म्हणजे ऐकलेल्यावर काही करायला वेळ उरतो.

दुसरा बदल माणसाचा. जिल्हाधिकारी झालेल्या माजी विद्यार्थ्याला पाहून मुले भारावतात आणि घरी जातात. त्याऐवजी चार-पाच वर्षांपूर्वी साठ टक्के गुण घेऊन बाहेर पडलेले सहा जण बोलवा. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी करून लागलेला एक, आयुध निर्माणीत असलेला एक, डाळ मिलचे हिशेब पाहणारी एक, बी.एड. करून तासिका तत्त्वावर शिकवणारी एक, दुकान काढून ते बंद करावे लागलेला एक आणि लग्नानंतर घरून काम करणारी एक. त्यांना व्यासपीठावर बसवू नका. सहा वर्गखोल्या द्या आणि प्रत्येक खोलीत वीसच विद्यार्थी पाठवा. तुम्ही किंवा मी त्या खोल्यांत असू नये, कारण पगार किती, साहेब कसा आणि पश्चात्ताप होतो का, हे प्रश्न मुले आपल्यासमोर विचारत नाहीत.

दुकान बंद करावे लागलेला विद्यार्थी ‘मी काय सांगणार’ असे म्हणून नकार देईल. त्याला दोनदा फोन करा, आणि तरीही आला नाही तर स्वतः त्याच्या घरी जा.